आधी वाळलेल्या साली

“…मग उद्या तरी मला दीक्षा द्याल ना, बुवा?”

गुणाजीने पुन्हा तेच विचारले.

रामगीरबुवा मठीच्या अंगणात रातांब्याच्या साली उलथत बसले होते. कोकणात घरोघर आमसुलं करतात, तशी मठीतही करत. रातांबे फोडायचे, साली उन्हात घालायच्या, संध्याकाळी त्याच फळांच्या रसात बुडवायच्या आणि सकाळी पुन्हा उन्हात. साली काळ्याभोर होईपर्यंत हेच चालायचे. वेळखाऊ काम, आणि गुणाजीला घाई फार.

“सकाळी घरून निरोप आला,” तो म्हणाला. “माझी धाकटी बहीण गेली. शेवंती. बाळंतपणात.”

बुवांचा हात थांबला.

“आणि तू?”

“मी अंगण झाडत होतो. ते पुरं केलं. डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही, बुवा.”

परीक्षेत पहिला आल्यासारखा सांगत होता. मान ताठ. 

“आई?”

“एकटीच राहिली आता. बोलावलंय मला. पण गेलो तर पुन्हा त्याच रडारडीत अडकायचं… म्हणून म्हणतो, उद्याच दीक्षा द्या.”

…

“तुझी टोपली आण,” बुवा म्हणाले.

गुणाजी लगबगीने गेला. मठीत सगळ्यांच्या आधी त्याच्याच साली वाळल्या होत्या आणि हे तो चार जणांना सांगूनही आला होता.

बुवांनी त्यातली एक तोंडात टाकली. चघळली. थुंकून टाकली.

मग उठले आणि अख्खी टोपली अंगणातल्या पेटत्या चुलीत रिकामी केली.

“अहो बुवा! चांगल्या वाळल्या होत्या!”

“वाळल्यात. म्हणूनच तर भराभरा जळतायत.”

 धूर गुणाजीच्या तोंडावर येत होता, तरी तो सरकला नाही.

“रसात बुडवल्या होत्यास?”

“वाळत घातलेलं पुन्हा ओलं कशाला करायचं, म्हणून… नाही बुडवल्या.”

“रस काय केलास?”

“ओतून दिला. परसात.”

…

चुलीबाहेर दोन-चार साली सांडल्या होत्या. गुणाजीने त्या गोळा केल्या. हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. आता त्याची मान खाली होती.

“ह्या बुडवल्या तर, बुवा? अजून…?”

“कशात बुडवशील?”

 गुणाजीने डोळे चोळून पाहिले. कोरडेच होते. पहिल्यांदाच त्याला त्या कोरडेपणाची भीती वाटली.

“माझ्याकडे… काहीच नाही उरलं, बुवा.”

“मग घरी जा,” बुवा म्हणाले. “तुझ्या म्हातारीकडे ओल असेल अजून.”