गिरजेची झोप

लहानांनो, मोठ्यांनो, कितीतरी पिढ्यांमागे एका नदीकाठी कोष्ट्यांचं गाव होतं. तिथे गिरजा नावाची सून पहिल्यांदा बाळंत झाली आणि थोड्याच दिवसांत तिच्या लेकाने रडणं मांडलं. दिवे लागले की त्याचा सूर लागायचा, तो मध्यरात्र उलटली तरी थांबायचा नाही. जरा डोळा लागला की पुन्हा जागा.

सासूने मीठमिरच्या ओवाळल्या, गंडा बांधला. शेजारीण म्हणाली, "आईचं दूधच बाधत असेल." झालं! सासूने गिरजेचं अर्धं जेवण तोडलं. बाळ रडतच राहिलं. नवरा मागावरून उठून दारात यायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि परत जायचा.

सहावा आठवडा लागला. एका रात्री गिरजेने बाळाला पाळण्यात ठेवलं, सासूला हाक मारली आणि ती शेजारच्या सुईणीकडे धावली.

"आजी, माझा राग अनावर झाला होता. मी त्याला गदागदा हलवणार होते. मी वाईट आई आहे."

"त्याला खाली ठेवून तू मदत मागायला आलीस," सुईण म्हणाली. "तू वाईट नाहीस, पोरी. दमली आहेस."

सुईण तशीच तिच्या घरी आली. तिने बाळाचं अंग चाचपलं, पोट पाहिलं, दूध नीट पितं का, लंगोट किती भिजतात, सारं विचारलं.

"बाळ ठणठणीत आहे," ती म्हणाली. "काही बाळं अशी रडतात. तीन-चार महिने झाले की आपोआप निवतात. तोवर ही टिकली पाहिजे. हिला पोटभर जेवू घाला आणि झोपू द्या."

"मग बाळाला कोण घेणार?" सासूने विचारलं.

"हा घेईल," म्हणत सुईणीने गिरजेच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"मला धरता येत नाही हो," तो पुटपुटला.

"शिकशील." तिने बाळाची मान कशी सावरायची ते दाखवलं आणि बाळ त्याच्या खांद्यावर दिलं.

त्या रात्री गिरजेला दूध पाजण्यापुरतं उठवलं. बाकी वेळ बाप येरझारा घालत होता. पहाटे सासूने नातू मांडीवर घेतला. बाळ रडायचं काही थांबलं नाही, पण गिरजा झोपली. सकाळी शेजारीण ओशाळ्या चेहऱ्याने गरम भाकरी घेऊन आली. "दुपारी मी सांभाळते त्याला," म्हणाली.

असे दीड-दोन महिने गेले. रडणं हळूहळू कमी होत गेलं. मग एके दिवशी गिरजा दचकून जागी झाली, तर लख्ख उजाडलेलं! ती पाळण्याकडे धावली. बाळ नुकतंच जागं होऊन स्वतःची मूठ न्याहाळत होतं. आईला पाहताच ते खदखदून हसलं.

सासू ओट्यावर जाऊन ओरडली, "झोपला! माझा नातू रात्रभर झोपला!"

गावातले माग थांबले. बायाबापड्या धावत आल्या, कुणीतरी हलगी वाजवली. सासूने साखर वाटली, आणि पहिली चिमूट सुनेच्या तोंडात घातली.

"माझं चुकलं गं," ती म्हणाली. "तू निभावलंस."

पुढे त्या गावात कुणाच्याही घरी पाळणा हलला की घरातले पुरुष आणि शेजारणी आपणहून पाळ्या वाटून घेऊ लागल्या. एकही आई तिथे पुन्हा एकटी जागली नाही.

तात्पर्य : रडणाऱ्या बाळाला जपायचं असेल, तर आधी त्याच्या आईला विसावा द्या.