लाल दिव्याची टकटक

"मग दादाच्या बोटीवरचाच वायरलेस बिघडला असणार, नाही का बाई?"

टेकडीवरच्या खोलीत हरेश तांडेल घाम पुसत उभा होता. थोरल्या भावाची बोट कालच परतायला हवी होती, आणि समुद्रावरून अवाक्षर नव्हतं. तरी गड्याची मान ताठ. बोटींचे क्षीण आवाज पकडून किनारभर पोचवणारा हा रिपीटर त्यानेच परवा सुधारला होता ना!

ओगलेबाई यंत्रापुढे वाकून बघत होत्या. ही विद्या त्यांनीच त्याला शिकवली होती.

रिपीटर एकाच एरियलवर ऐकतो आणि त्याच वेळी बोलतोही. त्याच्या बोलण्याने त्याचेच कान बधिर होऊ नयेत म्हणून मधे तांब्याची उंच नळकांडी बसवतात, आणि त्यांच्या दांड्या फिरवून ती बोलायच्या आणि ऐकायच्या, दोन्ही बाजूंना नेमकी जुळवावी लागतात.

"नळकांड्यांच्या दांड्या मी स्वतः जुळवल्या. आवाज असा खणखणीत जातोय म्हणता..."

"आणि ऐकायची बाजू?"

"बोलणं एवढं जोरात जातंय म्हटल्यावर..."

रिपीटर बोलू लागला की लागणाऱ्या लाल दिव्यावर बाईंची नजर होती. दिवा लागला. खस्स... विझला. पुन्हा लागला.

"हे काय?"

"सकाळपासून उगाच टकटक चाललीय. काहीतरी खरखर पकडतोय. लक्ष नका देऊ."

बाईंनी हात पुढे केला आणि ट्रान्समीटर, म्हणजे बोलायची बाजूच, बंद केली.

"बाई! अहो, सगळा किनारा मुका कराल!"

...

कोपऱ्यातला छोटा स्पीकर कुजबुजला.

"हरेश... इंजिन बंद परलाय... हरेश, आयकतंस का रं..."

दादा! सकाळपासून लागलेला प्रत्येक दिवा म्हणजे दादाची हाक होती. दादाने तोंड उघडलं की रिपीटर बोलायला लागायचा, आणि स्वतःच्याच गलक्यात दादाला बुडवून टाकायचा. त्या दांड्या फिरवणारे हात कुणाचे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याने झडप घालून माईक उचलला.

"चालू करा बाई! मला बोलायचंय त्याच्याशी! आत्ताच्या आत्ता!"

स्पीकरमधून तुटक शब्द येत होते. "...कासवखडकाच्या खालती... पानी भरतंय..."

बाईंनी हरेशच्या हातातला माईक काढून घेतला.

"तो अजून बोलतोय."