टकटक गल्लीची चौकट

कोल्हापुरातल्या जुन्या वस्तीत एक गल्ली आहे. महापालिकेच्या पाटीवर तिचे नाव काहीही असो, रिक्षावाल्याला 'टकटक गल्ली' म्हणाल तरच तो मीटरला हात घालतो. गल्लीत शिरले की डाव्या हाताला मोबाईलची कव्हरे आणि चार्जर विकणारे एक दुकान लागते. काच नवी, फरशी नवी, पाटीवरचे दिवे तर डोळे दिपवणारे. दाराची चौकट तेवढी जुनी सागवानी, तेल पिऊन काळी झालेली. त्या चौकटीत उजव्या हाताला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक गुळगुळीत खळगा आहे.

पाहुणे आले की समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या तानूबाई कासार त्यांना तिथे नेतात. खळग्यावरून बोट फिरवू देतात. पण कुणी गंमत म्हणून बोटांची पेरे आपटायला हात उचलला, की तो हात वरच्यावर धरतात.

"हात लावा खुशाल. टकटक करू नगासा," म्हणतात, आणि मग स्टूल ओढून घेऊन त्यामागची हकिगत सांगतात.

गाणे ऐकायचे तर घराबाहेर पडावे लागे, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा ही सगळी गल्ली रेकॉर्डवाल्यांची होती. दुकाने चिंचोळी, दोन माणसे आत गेली की तिसऱ्याने पायरीवर बसायचे. प्रत्येकाच्या ग्रामोफोनचा कर्णा बाहेर रोखलेला. गल्लीच्या या टोकाला एखादा अभंग कानावर पडायचा आणि त्या टोकाला पोचेपर्यंत त्याची लावणी झालेली असायची. कागल-गडहिंग्लजची माणसे बाजाराला आली की पिशव्या पायाशी ठेवून इथे उभी राहत. गाण्याचे शब्द कुणालाच धड आठवत नसत. "ते न्हाई का, त्यात बाई रुसती आणि मग पेटी वाजती," एवढ्या खुणेवर दुकानदार नेमकी रेकॉर्ड काढून द्यायचा. घेतलीच पाहिजे असे काही नव्हते. ऐकून, डोळे पुसून, रिकाम्या हाताने गेलेल्यालाही पुढच्या बाजाराला बसायला स्टूल मिळायचे.

या गल्लीची एक रीत होती. दिवेलागणीला प्रत्येक दुकानदार आपली एक ठरलेली रेकॉर्ड लावायचा. ती विकायची नाही, किंमत विचारली तर सांगायची नाही. देवापुढे दिवा लावावा तशी ती लावायची आणि मग संध्याकाळचा धंदा सुरू करायचा. 'न्यू बहार'च्या इलाही बागवानांची एक कव्वाली होती. त्यांच्या समोर, आज जिथे मोबाईलची कव्हरे लटकतात तिथे, 'स्वरलक्ष्मी' नावाचे दुकान होते. ते बाबासो मगदूम यांचे. दुकान पुढे, घर मागे, आणि दोन्हींना मिळून दार एकच. बाबासोंची दिवेलागणीची रेकॉर्ड त्यांच्या बायकोची होती.

शेवंताबाई जात्यावर गायच्या, असे सांगतात. एकदा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची माणसे गावात गाणी भरून घ्यायला आली, तेव्हा बाबासोंनी बायकोला हट्टाने नेले. ती लाजून पाठ फिरवून उभी राहिली आणि भिंतीकडे तोंड करून गायली म्हणे. गाणे पाठवणीचे होते. त्याचा शेवट असा:

उंबऱ्याशी थांब बाळे, डोळे भरून पाहू दे,
जा गं आता सुखानं, दार उघडं राहू दे.

रेकॉर्ड निघाली, पण खपली नाही. न खपलेला माल कंपनीने परत मागवला आणि, तेव्हा रेकॉर्डी लाखेच्या असत, ती लाख वितळवून दुसऱ्याच कुणाच्या तरी रेकॉर्डी केल्या. बाबासोंनी एक तेवढी लपवून ठेवली. चोरी म्हणा हवे तर. त्यांना त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

मुलगी झाली, तिचे नाव रतन. रतन रांगत होती तेव्हा शेवंताबाई तापाने अंथरुणाला खिळल्या, त्या उठल्याच नाहीत. जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "अवं, पोरीच्या पाठवणीला मला वाजवा. मी येतो गायाला."

बाबासोंनी तिच्या कपाळावर हात ठेवून शब्द दिला, "तुझ्या आवाजाबिगार पोरगी ह्यो उंबरा वलांडायची न्हाई."

हा शब्द त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितला. दिलेला शब्द चारचौघांना ठाऊक असला की मोडायला जड जातो, असा त्यांचा हिशेब होता.

पुढे रतन बोलू लागली, आई कुठे आहे विचारू लागली. बाबासो त्या वेळी सुई बदलत होते. त्यांनी रेकॉर्डवर बोट ठेवले आणि म्हणाले, "ह्यात हाय." बापाने सहज सांगितले आणि लेकीने खरे मानले. एके दुपारी ते जेवून बाहेर येतात तो पोरगी फरशीवर फतकल मारून बसलेली, मांडीवर रेकॉर्ड, हातात आईच्या अंबाड्यातला आकडा.

"काय करायलीयास गं?"

"आईला भाईर काढतोय मी," ती म्हणाली. आपल्या कोल्हापूरकडच्या बायका-मुली असेच बोलतात, आलो, गेलो, काढतोय. तिने वर पाहिले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, नुसती घाई होती. बाबासोंचा उचललेला हात तसाच खाली आला. ते तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि पोटभर रडले.

त्या संध्याकाळपासून शेवंताबाईंचे गाणे ओरखड्यावर अडू लागले. उंबऱ्याशी येईपर्यंत ठीक, आणि मग 'थांब बाळे, थांब बाळे, थांब बाळे'. सुई तिथेच फिरत राही. बाबासोंनी मशीनखालच्या फळीवर पेरांनी टकटक केली की ती हादरून पुढे सरके आणि शेवंताबाई 'डोळे भरून' म्हणत. कधी गिऱ्हाईक आलेले असे, कधी बाबासोंनाच टकटक करावीशी वाटत नसे. बायकोने आणखी थोडे बोलावे, एवढाच त्यांचा लोभ. मग समोरून इलाहीभाई कावत.

"बाबासो, टकटक कर की रं! डोस्कं उठलं माझं!"

वर्षानुवर्षे रोज दिवेलागणीला हे ऐकून ऐकून साऱ्या गल्लीला गाणे पाठ झाले. बायका भाजी निवडताना ते म्हणत, मुली ठिकऱ्या खेळताना म्हणत, आणि गंमत अशी, की म्हणताना थांबतही तिथेच. गाणे असेच असते, अशी गल्लीतल्या पोरांची समजूत होती.

मग कॅसेटी आल्या. गल्लीतली दुकाने एकामागून एक मिटू लागली. एकात चपला आल्या, एकात तयार कपडे, एकात झेरॉक्स. ज्या स्टुलांवर बसून गावाने गाणी ऐकली ती भंगारात गेली आणि कर्ण्यांची कुणीतरी कुंड्या करून तुळशी लावल्या. इलाहीभाई शहाणे, त्यांनी वेळेवर 'न्यू बहार'मध्ये कॅसेटी भरल्या. ते म्हणाले, "वैनीची रेकॉर्ड दे, फितीवर उतरून घेतो. लाखेचा काय भरवसा?"

बाबासोंना राग आला. म्हणाले, "तुझ्या त्या फितीनंच गल्ली खाल्ली. त्यात माझी शेवंता घालू व्हय? न्हाई जमायचं." दोघांचे बोलणे बंद पडले. गल्लीत रेकॉर्डींचे दुकान आता 'स्वरलक्ष्मी' हे एकच उरले.

आणि रतनचे लग्न ठरले, निपाणीचे स्थळ.

लग्न झकास झाले म्हणतात. दिवस कलला तशी पाठवणीची वेळ आली. गल्ली माणसांनी भरली. चपलावाले, कपडेवाले, सगळे जुने रेकॉर्डवाले दुकाने बंद करून आले होते, कारण शब्द सगळ्यांना ठाऊक होता. इलाहीभाईही अबोला असूनही आले. रतन मळवट भरून दुकानात उंबऱ्याच्या आत उभी, नवरदेव पायरीखाली. बाबासोंनी मशीनला चावी दिली, नवी कोरी सुई बसवली आणि पाकिटातून रेकॉर्ड काढली.

घात केला तो अत्तराने. सकाळपासून आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हाताला अत्तर लावून लावून बाबासोंची बोटे तेलकट झाली होती. जन्मभर ज्या बोटांतून एक रेकॉर्ड निसटली नाही, त्या बोटांतून ही सरकली आणि शहाबादी फरशीवर पडून तिचे तुकडे तुकडे झाले.

बाबासो खाली बसले. दोन तुकडे उचलून त्यांनी एकमेकांना लावून पाहिले, जणू ते चिकटणारच होते. मग म्हणाले, "आता पोरगी कशी जाणार?"

 रतन जागची हलायला तयार नव्हती. "आईबिगार मी जात न्हाई," म्हणाली. तिनेही तो शब्द लहानपणापासून ऐकलेला. निपाणीची माणसे चुळबुळू लागली. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, रेकॉर्डच ती, त्यात काय एवढे. त्यांना त्यांच्याच बायकोने कोपर मारून गप्प केले. बाबासोंना वाटले, आपण इलाहीचे ऐकले असते तर. आपल्या अहंकारापायी शेवंता दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी आपल्याच हातून.

तेवढ्यात मागून एक घोगरा, बेसूर आवाज आला. गाणे पहिल्या ओळीपासून सुरू झाले होते. माना वळल्या. इलाही बागवान डोळे मिटून गात होते! ज्यांचे डोके त्या गाण्याने आयुष्यभर उठले, त्यांना एक शब्द इकडचा तिकडे न होता पाठ होते. दुसऱ्या ओळीला त्यांचा श्वास पुरेना, ती कासारवाड्यातल्या बायकांनी उचलली. तिसरीला चपलावाले आले, पायरीवरच्या पोरी आल्या. गल्ली गाऊ लागली. शेवंताबाई जिथे श्वास घ्यायच्या तिथेच सगळे श्वास घेत होते, जिथे लाजून त्यांचा आवाज बारीक व्हायचा तिथे एवढ्या लोकांचा आवाज बारीक होत होता. बाबासोंनी मान वर केली. ही गल्ली गात नव्हती, शेवंताच गात होती.

आणि गाणे उंबऱ्याशी आले.

'थांब बाळे, थांब बाळे, थांब बाळे...'

सगळे अडले. कुणी ठरवले नव्हते. गल्लीला ते गाणे दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने येतच नव्हते. बायका म्हणताहेत, पुरुष म्हणताहेत, निपाणीकरांनाही आता जमले म्हणून तेही म्हणताहेत; पण पुढे जाता येत नाही. हळूहळू सगळ्यांच्या नजरा बाबासोंकडे वळल्या. रतनही बापाकडे पाहू लागली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू फुटले.

बाबासोंच्या ध्यानात आले. हातातले तुकडे त्यांनी हळूच गल्ल्यावर ठेवले आणि दारापाशी आले. पण त्यांनी टकटक केली नाही. लेकीकडे बघत उभे राहिले. आपण हात लावेपर्यंत ती इथेच आहे, हे त्यांना कळले होते, आणि असा अधिकार कुठल्या बापाला कधी मिळाला होता? गल्लीनेही घाई केली नाही. 'थांब बाळे' म्हणता म्हणता दिवेलागण झाली, समोरच्या घरातला दिवा लागला. तेव्हा इलाहीभाई डोळे पुसत, नेहमीच्याच कावलेल्या सुरात ओरडले,

"बाबासो, टकटक कर की रं!"

बाबासोंनी पेरे वळली आणि चौकटीवर टकटक केली.

'डोळे भरून पाहू दे!' गल्ली अशी गरजली की वळचणीचे पारवे उडाले. 'जा गं आता सुखानं, दार उघडं राहू दे!' रतनने उंबरा ओलांडला, आईच्या आवाजात ओलांडला. शब्द खरा झाला. बाबासो आणि इलाहीभाई एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि बँडवाल्यांना कुणी न सांगता बँड सुरू झाला.

पुढे 'स्वरलक्ष्मी'ही मिटले. बाबासोंनी दुकान विकताना एकच अट घातली, चौकट हलवायची नाही. त्यानंतर त्या जागेचे मालक कितीतरी बदलले. प्रत्येकाने आतले सगळे पाडले आणि चौकट ठेवली.

आजही गल्लीतली कुठलीही मुलगी, कुठल्याही जातीची, धर्माची, सासरी जाताना या दारातून बाहेर पडते. मोबाईलवाले कव्हरांचे स्टँड बाजूला घेतात, डीजेवाले आपण होऊन आवाज बंद करतात, आणि गल्ली गाते. ओरखड्याशी येऊन अडते आणि बापाची वाट पाहते. बाप नसेल तिथे आई टकटक करते. इलाहीभाईंनी आपल्या मुलीच्या वेळी इतका उशीर लावला म्हणे, की वऱ्हाडाला पुन्हा चहा द्यावा लागला. तेव्हा 'टकटक कर की रं' म्हणून ओरडायचा मान बाबासोंना मिळाला. चौकटीतला खळगा अशा पेरांनी पडला आहे. रेकॉर्डवाले गेले, कॅसेटी गेल्या, सीडी तर आल्या तशा गेल्या. कंपनीला जिचे गाणे वितळवून टाकावेसे वाटले ती शेवंताबाई आजही दर लग्नसराईला गाते, ओरखड्यासकट.

एवढे सांगून तानूबाई उठतात. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतेच, की मग नुसती टकटक करून पाहिली तर काय बिघडते?

तेव्हा तानूबाई समोर आपल्या दुकानाकडे बोट दाखवतात. तिथे त्यांची लग्नाला आलेली नात मान खाली घालून गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत असते.

"ती हाय न्हवं अजून घरात," तानूबाई म्हणतात. "थांबू द्या की तिला जरा."