कांद्याच्या वाटीतला निखारा

“पण भाऊ गूळ आधी घालायचा की नंतर, एवढं तरी सांगाल का नाही, बाबा?” बारकूनं विचारलं.

मदारशा फकीर चुलीसमोर उकिडवे बसले होते. निखाऱ्यावरचं कणीस त्यांनी बोटांनीच फिरवलं.

“मी खाणारा,” ते म्हणाले. “करणारा तो होता.”

“इतकी वर्षं खाल्लंत ना?”

“खाल्लं.”

“मग?”

बाबांनी कणीस पुन्हा फिरवलं. हिरव्या पात्यांचा धूर बारकूच्या डोळ्यांत गेला. डोळे पुसायला त्याला तेवढं निमित्त झालं.

गिरणा नदीच्या काठावर, गावापासून हाकेच्या अंतरावर बाबांचा तकिया होता, फकिराचं ठाणं. एक कडुलिंब, एक जुनी कबर, पत्र्याची पडवी आणि तीन दगडांची चूल. उन्हाळ्यातल्या दर गुरुवारी तिथं पंगत बसायची. भाकऱ्या गावातून यायच्या, ज्याच्या घरी जशा होतील तशा. तोंडीलावणं मात्र तकियातच शिजायचं, आणि ते बारकूचा थोरला भाऊ सुकलाल करायचा. उन्हाळी मक्याचं. आधी गोड, मग धुरकट, आणि गिळून झाल्यावर जिभेला हळूच चटका देणारं. लोक चतकोर भाकरीला पळीभर तोंडीलावणं घ्यायचे आणि वर पुन्हा ताट पुढे करायचे.

चैत्रात एका रात्री सुकलाल मक्याला पाणी भरायला गेला. त्याच मक्यात त्याला साप चावला.

आई गेली तेव्हा बारकू पाळण्यात होता. त्याला न्हाऊ घातलं सुकलालनं. भरवलं सुकलालनं. तो शाळेतून पळून आला तेव्हा आधी बदडलं आणि मग मुकाट्यानं रानात सोबत नेलं, तेही सुकलालनंच. दहाव्याला घाटावर बारकूनं कोणाला न विचारता ओंजळीत पाणी घेतलं आणि मका सोडला. भाऊच्या नावानं, जन्मभरासाठी.

आणि आता तोच मका शिजवत होता.

“आज कढई कोणाला रे बारक्या?” भाकऱ्यांची पाटी उतरवता उतरवता कौतिकबाई म्हणाली. गावातली सर्वांत म्हातारी बाई ती. तिला कोणी गप्प करू शकत नसे. “आम्हाला की माशांना?”

पडवीतले चार जण हसले. बारकू हसला नाही.

मागच्या गुरुवारचं सगळ्यांच्या लक्षात होतं. तकियाची एक रीत होती. ज्यानं रांधलं त्यानं पहिला घास खायचा, पंगतीसमोर. तो खाईपर्यंत कोणी भाकरी मोडायची नाही, बाबांनीही नाही. रीत कोणी घातली, कोणास ठाऊक. पण मोडली कोणीच नव्हती. त्या दिवशी बारकूनं बाबांचं ताट वाढलं आणि समोर उभा राहिला… खा आणि सांगा, भाऊसारखं झालं का. बाबांनी ताट त्याच्याकडे सरकवलं. त्यानं परत लोटलं. बाबांनी पुन्हा सरकवलं. बारकूच्या डोक्यात सणक गेली. त्यानं भरलेली कढई उचलली आणि थेट नदीच्या डोहात पालथी केली.

पंगतीनं त्या दिवशी मिठाशी भाकरी खाल्ली. बाबांनीही.

“आज नाही ओतणार,” बारकू मान वर न करता म्हणाला.

“बरं बाई,” कौतिकबाई म्हणाली. “मासे निराश होतील.”

कणसं भाजून झाली. पाती काळी पडली होती, आतले दाणे पिवळेधमक, मधूनमधून करपलेले. बारकूनं गरम कणीसच हातात धरलं आणि सुरीनं दाणे उतरवायला लागला. बोटं पोळत होती. त्याला त्याचं काही नव्हतं.

कढईत तेल टाकलं, जिरं टाकलं. लसूण-मिरचीचा ठेचा परतला. दाणे घातले. गुळाचा खडा हातात घेऊन तो थांबला.

“आधी की नंतर?”

बाबा नदीकडे बघत होते.

“घालतो आत्ताच!” त्यानं खडा टाकला. गूळ विरघळला, तडतडला, दाण्यांना तकाकी आली. कडेला थोडा खाली लागला. करपट वास आला तशी त्यानं घाईघाईनं कढई उतरवली.

आता राहिला धूर.

हे मात्र त्याला विचारावं लागत नव्हतं. मोठ्या कांद्याची बाहेरची वाटी सुटी करायची. ती दाण्यांच्या मधोमध रोवायची. त्यात बाभळीचा रसरशीत निखारा ठेवायचा, वर तुपाचा थेंब सोडायचा आणि झटकन झाकण घालायचं. लहानपणी भाऊ त्याला तूप सोडू द्यायचा. तेवढंच एक काम त्याच्या वाट्याला असायचं, आणि त्यासाठी तो आठवडाभर गुरुवारची वाट बघायचा.

तूप पडलं. पांढरा धूर उसळला. त्यानं झाकण घातलं.

आणि लगेच उचललं.

धूर भसकन वर आला, कडुलिंबात शिरला, नाहीसा झाला.

“काय रे?” कौतिकबाई म्हणाली.

“बघतो. बसला का धूर.”

त्यानं पुन्हा तूप सोडलं, पुन्हा झाकलं. जरा थांबला. पुन्हा उचललं. निखारा विझत चालला होता. त्यानं चिमट्यानं दुसरा आणला. तूप, धूर, झाकण… आणि हात पुन्हा झाकणाकडे गेला.

या वेळी तिथं आधीच एक हात होता.

बाबांनी झाकणावर तळवा टेकवला होता.

“बाबा… झाकण तापलंय.”

बाबांनी तळवा आणखी दाबला.

“हात भाजेल तुमचा.”

…

“काढा हात. मी नाही उघडत.”

…

“नाही उघडत म्हटलं ना! काढा!”

हात तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त मनगटावरची शीर जराशी उडत होती.

बारकू इकडेतिकडे बघायला लागला. लाकूड सारायचं नव्हतं. पाणी आणायचं नव्हतं. दाणे काढून झाले होते. भाऊ गेल्यापासून तो कुठं टेकला नव्हता. मोटर, बांध, लाकडं, गुरं… काम संपलं की दुसरं काढायचा. आता हातांना काहीच उरलं नाही.

तो बसला. बाबांच्या शेजारी, मातीत.

आधी त्याचे खांदे हलले. मग आवाज फुटला, गुरासारखा, मोठा. त्यानं तोंडावर हात दाबला तरी तो थांबेना.

पंगतीतलं कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. कौतिकबाई पाटीतल्या भाकऱ्या नीट लावत राहिली. त्या आधीच नीट होत्या.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. रडणं आपोआप सरलं. नाक शर्टाच्या बाहीला पुसून त्यानं वर बघितलं, तेव्हा बाबांनी हात काढला. तळवा लालबुंद झाला होता. त्यांनी तो धोतराखाली लपवला.

“उघड,” ते म्हणाले.

झाकण काढलं. धूर वर आला नाही. फक्त वास आला, इतका दाट की पडवीतली बोलणी थांबली. कांद्याच्या कडा आत वळल्या होत्या आणि निखाऱ्यावर राखेची साय धरली होती.

बारकूनं बाबांचं ताट घेतलं. पळीभर वाढलं. दोन्ही हातांनी पुढे धरलं.

“खा, बाबा. आणि सांगा.”

बाबांनी ताट घेतलं. अख्खी भाकरी त्यात ठेवली. आणि ताट त्याच्याकडे सरकवलं.

बारकूचा चेहरा ताठ झाला.

“मी मका सोडलाय. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“हं.”

“मक्यातच गेला तो. मका तोंडात घेतला तर… भाऊचं मरण खाल्ल्यासारखं होईल मला.”

पंगतीतल्या एका पोराच्या पोटात गुरगुरलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

“सोडलास तर सोड रे, बाळा,” कौतिकबाई म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “पण मग या उन्हात चुलीशी का जळतोयस?”

“भाऊची चव राहावी म्हणून!” तो ओरडला. “त्याच्या हाताची चव तरी राहायला पाहिजे का नको? तीही त्याच्याबरोबर जाऊ देऊ?”

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

“राहायला पाहिजे,” ते म्हणाले. “कुठे?”

बारकूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

त्यानं कढईकडे बघितलं. डोहाकडे बघितलं. मग ताटाकडे.

तोंड उघडंच होतं.

…

त्यानं भाकरी मोडली, घास उचलला. दोन दाणे मातीत सांडले. घास तोंडात गेला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

आधी गोड. जरा जास्तच गोड. मग गुळाचा करपटपणा, तो नको होता. मग धूर… धूर मात्र आला होता, अगदी टाळूपर्यंत. आणि शेवटी तो चटका, जिभेच्या टोकावर, भाऊ गालावर हलकी टिचकी मारायचा तसा.

त्यानं गिळलं.

मागे पंगतीत भाकऱ्या मोडल्याचे आवाज आले, एकामागून एक. ताटं पुढे झाली. रिकामीच.

पण बारकूला आधी दुसरंच हवं होतं. त्यानं बाबांसमोर दुसरं ताट ठेवलं आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला. बाबांनी घास घेतला, डाव्या हातानं. उजवा अजून धोतराखालीच होता. ते सावकाश चावत राहिले. त्यांचे दात थोडेच उरले होते. बारकू त्यांच्या जबड्याकडे बघत राहिला.

“झालं का, बाबा? भाऊसारखं?”

बाबांनी घास गिळला.

“सुकलाल इथंच उभा राहायचा,” ते म्हणाले. “असाच वाकून. माझा घास उतरेपर्यंत दम निघायचा नाही त्याला.”

“आणि?”

“आणि विचारायचा. दर गुरुवारी.”

“काय विचारायचा?”

“आईसारखं झालं का.”

बारकू हळूच सरळ झाला. हे तोंडीलावणं आईचं होतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. भाऊनंही नाही. आईच्या हातचं त्यानं कधी खाल्लंच नव्हतं…

त्याचा आवाज बारीक झाला.

“मग… तुम्ही काय सांगायचात त्याला?”

बाबांनी पंगतीकडे बघितलं. ताटं अजून पुढेच होती.

“सांगायचो, वाढ. लोक भुकेले आहेत.”