साहेबांचा अर्ज

न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवून द्या, एवढंच चंद्राआजींनी नगरपालिकेला कळवलं होतं. दांडा आला नाही, रणपिसे साहेब आले. मागे त्यांची बॅग धरलेला शिपाई. आजींनी केलेला चहा पिऊन साहेबांनी छापील अर्ज काढला.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"कपडे?"

"मीच धुते."

"अंघोळीला मात्र आधार लागतो." साहेबांनी फुली मारली. "म्हणजे एकटं राहायला असमर्थ. वृद्धाश्रमात जागा आहे, सही करा."

आजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चष्मा लावला, अर्ज उलटा केला आणि पेन उचललं.

"साहेब, तुमचा स्वयंपाक कोण करतं?"

"बायको," साहेब तोऱ्यात म्हणाले. "घरात मी इकडची काडी तिकडे करत नाही."

"कपडे?"

"बाई येते."

"बॅग हा उचलतो, ते दिसतंच आहे." आजींनी कोऱ्या बाजूवर तीन फुल्या मारल्या आणि कागद शिपायाच्या हातात दिला.

"ह्यांना तीन ठिकाणी आधार लागतो, मला एकाच. आधी ह्यांना आश्रमात सोडून ये. आणि परत येताना माझा दांडा घेऊन ये."