कोरडी चादर

“द्वारकाआजींना पाणी पाजायला कुणीतरी टाळाटाळ करतंय!”

ऋजुता तणतणत आली तेव्हा माई ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कोण?”

“नाव कशाला घेऊ? ज्याचं त्याला कळेल. पण हा हलगर्जीपणा आहे, माई. सरळ सरळ हलगर्जीपणा!”

माईंच्या या निराधार वृद्धांच्या आश्रमात ऋजुता नर्सिंगची पदवी घेऊन आली होती. माईंकडून सेवा शिकायला. गेले काही महिने ती सगळ्यांना शिकवत होती.

“झालंय काय?”

“ताप आहे. लघवीला आग होतेय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू करा, पण पोटात पाणी जायला हवं. संध्याकाळपर्यंत प्यायल्या नाहीत तर दवाखान्यात आणा, सलाईन लावू.”

“द्वारका काय म्हणते?”

“हात जोडतात. दवाखान्यात नको म्हणतात. त्यांचे यजमान तिथून परत आले नाहीत ना...”

माईंनी शेंगांची सुपली बाजूला सारली.

बायकांची खोली स्वच्छ होती. खरंच स्वच्छ. फरशी चकचकीत, चादरींवर एक सुरकुती नाही. प्रत्येक उशीशेजारी जाईचं एक फूल.

द्वारकाआजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ओठांना भेगा पडलेल्या. हाताशी पाण्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला, शेजारी भांडं.

“पाणी तर इथंच आहे,” माई म्हणाल्या.

“भरून ठेवलं म्हणजे झालं का? पाजायला नको?”

“आणि ही फुलं?”

ऋजुताचा चेहरा उजळला.

“ती माझी कल्पना. रात्रभर जिची चादर कोरडी राहील, तिला सकाळी एक फूल. रागवायचं नाही, टाकून बोलायचं नाही, फक्त कौतुक करायचं. आधी इथं नाकाला पदर लावून यावं लागायचं, माई. आता आठवडा झाला, एकसुद्धा चादर भिजलेली नाही!”

शेजारच्या खाटेवर हौसाबाई होत्या. त्या म्हणाल्या, “मला तर रोजचं फूल हाय. एक दिस बी चुकलं न्हाई.”



माई द्वारकाआजींच्या खाटेच्या कडेला बसल्या. तांब्या उचलला. आणि शांतपणे चादरीवर कलंडला.

“माई! आत्ताच बदलली होती ती!”

द्वारकाआजी दचकून उठून बसल्या. त्यांनी ओल्या चादरीकडे पाहिलं. मग ऋजुताकडे.

“मी नाही हं केलं, पोरी,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “खरंच नाही...”

 

“मी केलं,” माई म्हणाल्या. “आता भिजलीच आहे, द्वारके. पी.”

माईंनी तांब्या पुढे धरला. अर्धा उरला होता. आजींनी हात पुढे केला नाही. त्यांची नजर अजून ऋजुतावरच होती.



ऋजुतानं माईंच्या हातातून तांब्या घेतला. ओल्या चादरीवरच बसली. आजींच्या पाठीमागे हात घातला, भांड्यात पाणी ओतलं आणि भांडं त्यांच्या ओठांना लावलं.

आजी प्यायल्या. गटागटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून ओघळलं, ऋजुताच्या बाहीत शिरलं.

“हळू, आजी. ठसका लागेल.”

“अजून आहे का गं?”

“आहे. हवं तेवढं आहे.”

दुसरं भांडं संपलं. तिसरं अर्धं झाल्यावर आजी थांबल्या, पदरानं तोंड पुसलं आणि ताप असूनही हसल्या.

माई उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या.

“ऋजुता, ही चादर?”

“बदलते.”

“पहाटे पुन्हा भिजली तर?”

“...पुन्हा बदलेन.”

माई जायला वळल्या.

“अवो माई!” हौसाबाईंनी मागून हाक मारली. “जाता जाता माझ्या बी खाटंवर वाईच सांडा की!”