घंटेला बांधलेलं फडकं

आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात मेसच्या दाराशी एक पितळी घंटा टांगलेली आहे. तिच्या लोलकाला सध्या एक जुनं फडकं बांधलेलं दिसेल. पाहुणे विचारतात, घंटा बिघडली का? बिघडलेली नाही. विद्यापीठात जे बिघडतं, त्याला फडकं बांधायचीही कुणाला सवड नसते.

असं सांगतात, की वसतिगृह नवं असताना एटापल्लीकडच्या जंगलातून जैबाई मडावी नावाची मुलगी इथे शिकायला आली. गावातून इतकी शिकलेली ती पहिलीच. आईनं मोहाचे लाडू फडक्यात बांधून दिले होते आणि बजावलं होतं, की ज्यांच्या घरी राहशील त्यांना आधी हे दे. जैबाई गाठोडं घेऊन खोलीत बसली. घंटा वाजली, मुली जेवायला गेल्या. पुन्हा वाजली, पुन्हा गेल्या. जैबाई बसूनच. तिच्या गावात परक्या घरी बोलावल्याशिवाय कुणी पानावर बसत नसे, आणि इथे तिला कुणी बोलावलं नव्हतं. लाडू यजमानांचे, म्हणून त्यांनाही तिनं हात लावला नाही. नियमावलीत जेवणाच्या वेळा होत्या, उशिरा येण्याचा दंडही होता; 'ये' म्हणायचं कलम तेवढं राहून गेलं होतं.

असे दोन दिवस गेले. मग ती ट्रंक उचलून टेकडी उतरली आणि गावाकडच्या एसटीची वाट पाहत थांब्यावर बसली.

वरच्या वर्गातली प्रमिला ढोमणे तोंडी परीक्षेला निघाली होती. तिनं पाहिलं, थांबली, काय झालं म्हणून विचारलं. जैबाईनं ट्रंक जवळ ओढली. शेवटी प्रमिला म्हणाली, "जेवलीस तरी का?"

"कुणी बोलावलंच नाही, ताई."

"अगं, घंटा वाजते ना."

"ती सगळ्यांना वाजते. मला कुणी म्हणालं नाही."

प्रमिला म्हणे वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली होती. इथे त्या ढाली कामाच्या नव्हत्या. आता चल, म्हणून तिनं पुष्कळ विनवलं, पण ज्या घरातून उपाशी निघाले तिथे परत कशी जाऊ, एवढंच जैबाई म्हणत राहिली. तेव्हा प्रमिला तिच्या ट्रंकेवर बसली आणि तिनं शपथ घेतली, की तू जेवेपर्यंत मी पाणीही घेणार नाही.

एसटी आली. कंडक्टर दोघींना दोन शब्द सुनावून निघून गेला. परीक्षेची वेळही गेली. त्यापायी प्रमिलेचं वर्ष वाया गेलं, असं काही जण सांगतात. मी इथे कारकुनी केली आहे. वर्ष जायला त्याहून लहान कारणही पुरतं.

दुपार कलली, प्रमिलेचे ओठ सुकले. आपल्यासमोर कुणी उपाशी बसावं, हे जैबाईला सोसेना. तिनं प्रमिलेला उठवलं, ट्रंक उघडली, फडक्याची गाठ सोडली आणि म्हणाली, "जेवा, ताई."

"म्हणजे मी तुझी पाहुणी झाले," प्रमिला म्हणाली. "आता रात्री तू माझी."

शपथेप्रमाणे आधी जैबाईनं घास घेतला, मग प्रमिलेनं; लाडू खाऊन दोघी ट्रंक दोन्हीकडून धरून टेकडी चढल्या.

त्या संध्याकाळी प्रमिलेनं तेच फडकं लोलकाला बांधलं आणि प्रत्येक नव्या मुलीच्या दाराशी जाऊन तिला जेवायला बोलावलं. रेक्टरबाईंनी दोरी ओढली तरी घंटा वाजली नाही, तो देवीचा कौल होता, असंही सांगतात. लोलक बांधल्यावर घंटा वाजत नाही, त्यासाठी देवीला तसदी द्यायचं कारण नाही. चमत्कार वेगळाच झाला. त्या रात्री ताटं कमी पडली. उपाशी बसणारी जैबाई एकटी नव्हती.

आजही नव्या मुली आल्या, की लोलक बांधतात. वरच्या वर्गातल्या मुली दारोदार जाऊन त्यांना नावानं बोलावतात आणि त्या जेवल्यावरच स्वतः बसतात. नव्यांपैकी एखादी आपणहून दुसरीला 'जेवायला चल' म्हणाली, की तिनंच फडकं सोडायचं.

यंदा माझी नात इथे आली. पहिल्या रात्री तिच्या आजीनं फोनवर धास्तावून विचारलं, जेवलीस का? "बोलवायला आल्या होत्या ना," ती म्हणाली. कोण आल्या होत्या, मला ठाऊक नाही. मी देवळातही फारसे हात जोडत नाही. या घंटेसमोर जोडतो.